एकटीने चार शिखरं

"मम, यू कान्ट बी अलोन फॉर वन डे." माझी मुलगी मला, म्हणजे स्वतःच्या आईला, टोस्ट खाता खाता हे म्हणाली. तिला मेलबर्नहून नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि बाईसाहेब नकार कळवणार होत्या. का, तर आई एकटी पडेल. तिचे बाबा गेल्यापासून अप्पर हट गावातल्या घरात आम्ही दोघीच, आणि मी म्हणे वॉशिंग मशीनशीसुद्धा बोलते. बोलते! ते मधेच बंद पडतं, मग त्याला बोलायला नको?

तेव्हा आम्ही सुट्टीसाठी साउथ आयलंडला आलो होतो. खिडकीतून चार खडकाळ शिखरं एका ओळीत दिसत होती. मी कॉलेजपासून डोंगर चढतेय, पण कायम घोळक्यात. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, "उद्या ती चारही मी एकटी करते. दिवसभर कोणाशी एक शब्द बोलणार नाही. जमलं तर तू मुकाट्याने मेलबर्नला जायचं."

"अँड इफ नॉट?"

"नाही जमलं तर बस आयुष्यभर माझ्या उरावर."

सकाळी तिने मला डोंगराच्या पायथ्याशी कारपार्कमध्ये सोडलं. संकटात मदत बोलवायचं एक यंत्र गळ्यात अडकवलं आणि बजावलं, की मरायला टेकलीस तरच बटण दाब. आता ती गावात जाणार, कॉफी पिणार, दुकानं हिंडणार आणि संध्याकाळी मला न्यायला येणार, असं ठरलं होतं.

एका माणसाचा डबा भरायला मला आजतागायत जमलेलं नाही. सॅकमध्ये पोळ्यांची चवड, बटाट्याची भाजी आणि डबाभर शेंगदाण्याचे लाडू. पहिल्या शिखरापर्यंत पाठीचा पार काटा ढिला झाला. वर एक गोरं म्हातारं जोडपं बसलेलं. "किया ओरा!" त्यांनी इथल्या पद्धतीने नमस्कार केला. मी नुसते हात जोडले. ते कोरडी बिस्किटं चावत होते हो, नुसती कोरडी! मला काही बघवेना, पण बोलायची तर बंदी. मग मी लाडवांचा डबा त्यांच्या नाकासमोर धरला आणि भुवया उडवल्या. आजींनी घाबरत एक घेतला, आजोबांनी दोन. मी मुकी आहे असं त्यांना वाटलं असणार, कारण आजोबा मोठ्ठी खूण करून पोटावरून हात फिरवायला लागले. मग मीही फिरवला. मग आजींनीही. बराच वेळ आम्ही तिघं तिथे पोटावरून हात फिरवत उभे होतो. नियम मोडला नाही. बोलले कुठे मी?

दुसऱ्या शिखराची वाट म्हणजे नुसते सुटे दगड. दोन पावलं वर गेलं की एक पाऊल खाली. "हलू नकोस रे मेल्या!" मी एका दगडाला दम भरला. दगड काही 'कोणी' नसतो. पुढे धार इतकी अरुंद झाली, की मी चक्क बसून, बुडावर सरकत सरकत ती ओलांडली. पँटचा मागचा भाग बहुतेक अजून तिथेच असेल.

तिसऱ्या शिखरावर मी पोळी-भाजीचा डबा उघडला, तर समोर एक केआ येऊन बसला. हा इथला हिरवा डोंगरी पोपट, एक नंबरचा चोर. त्याला खायला घालायचं नसतं, म्हणून मी डबा पोटाशी धरला आणि त्याच्याशी गप्पा मारल्या. पक्षीही 'कोणी' नसतोच.

त्यालाच मी मनातलं सांगून टाकलं. म्हटलं, हे बघ, चौथं शिखर मला सहज जमेल. पण इथून मागे फिरले आणि "नाही बाई जमलं" म्हणाले, तर पोरगी जाणार नाही. घरीच राहील. रोज रात्री जेवायला समोर बसेल. कोणाला कळणार आहे? केआने माझ्या बुटाची नाडी ओढली. मी खरंच उठले, सॅक पाठीला लावली आणि परतीच्या वाटेला लागले. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

वळताना सहज खाली नजर गेली. कारपार्कमध्ये आमची भाड्याची पिवळी गाडी उभी होती. सकाळी होती तिथेच. अगं बाई! ही गावात गेलीच नव्हती. ना कॉफी, ना दुकानं. दिवसभर गाडीत बसून ही मुलगी डोंगराकडे बघत राहिली होती. अशी किती वर्षं बसेल ही, माझ्याकडे बघत?

मी वळले आणि स्वतःला मोठमोठ्याने शिव्या घालत चौथ्या शिखरावर गेले.

खाली पोचले तेव्हा ती धावत आली. "ऑल फोर?"

"चारही. आणि काय शांतता होती गं! सोबत कोणी नसलं की किती बरं वाटतं."

तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग तिथेच बॉनेटला टेकून तिने मेलबर्नला होकार पाठवला, आणि मला रडूच कोसळलं.

"मम! व्हॉट हॅपन्ड?"

"गुडघा," मी म्हटलं. "गुडघा फार दुखतोय गं."

ती पटकन खाली बसली आणि माझा अगदी धडधाकट गुडघा हलक्या हाताने चोळायला लागली. मी तिला बराच वेळ चोळू दिलं.