बिनक्लचच्या गाडीचा मिस्त्री

घनसावंगीच्या जमीनदार अण्णासाहेबांनी हैदराबादहून जुनी अमेरिकन गाडी आणली, ते साल त्र्याहत्तर. लांबलचक गाडी, स्टिअरिंग डाव्या हाताला आणि पायाशी क्लचच नाही. गिअर आपोआप पडायचा. लोकांनी तिचं नाव 'बिनक्लचची' ठेवलं. दिसायला राणी, पण चालायला म्हैस. अंबडकडच्या चढावर एका व्यापाऱ्याची साधी अ‍ॅम्बेसेडर तिला मागं टाकून गेली, आतली माणसं वळून हसली, आणि ते अण्णासाहेबांच्या जिव्हारी लागलं.

जुन्या जालन्यात तेव्हा धर्मराज नावाचा मिस्त्री होता. छप्पन सालानंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातला. हैदराबादेत सहा वर्षं त्यानं असल्याच गाड्यांखाली झोपून काढली होती. त्या गिअरबॉक्सला हात लावणारा आसपास तो एकटाच. अण्णासाहेब स्वतः त्याच्याकडं आले.

"धर्मा, हिला पळवता येईल का?"

"येईल. पण मंग हिला सारखं बघावं लागंल, अण्णासाहेब."

शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी मळ्यात पत्र्याची शेड बांधून दिली, शेजारी राहायला खोली दिली. धर्मराज बायकोला, बेबीनंदाला, घेऊन तिथं राहायला आला. एवढ्या मोठ्या माणसानं दारात येऊन बोलावलं, याचा त्याला अभिमानच वाटला होता.

त्या गिअरबॉक्सात सगळं काम तेलाच्या दाबावर चालतं. धर्मराजनं दाब राखणाऱ्या स्प्रिंगमागं तीन वायसर घातले. ढिलाईनं सरकणारा गिअर आता खटकन धरू लागला. गिअर कधी बदलायचा हे ठरवणारी फिरती वजनं असतात. भंगारातून तशीच जोडी शोधून त्यानं कानशीनं घासून हलकी केली, म्हणजे गाडी खालच्या गिअरात जास्त वेळ जोर धरेल. कार्बोरेटरचं पेट्रोल सोडणारं जेट मोठं बसवलं. दोन महिन्यांनी त्यानं गाडी त्याच चढावर घातली. पाय दाबला तशी ती गुरगुरत वर गेली, सीटनं पाठीला धक्का दिला. शेजारी बसलेल्या अण्णासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दिवस धर्मराज जन्मभर विसरला नाही.

पण वाढवलेला दाब फुकट मिळत नाही. दर पंधरा दिवसांनी तेल पाझरायचं, आतले पट्टे झिजायचे, ते पुन्हा आवळावे लागायचे. दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नव्हती. मंग गाडी जाईल तिथं धर्मराज. लग्नाला, कोर्टाला, पाव्हण्यांना फिरवायला. बेबीनंदा बाळंतपणाला अंबडला माहेरी गेली, मुलगी झाल्याचा निरोप आला, तेव्हा तो गाडीखाली होता.

"जाऊन येतो," तो अण्णासाहेबांना म्हणाला.

"जा की. एवढे पाव्हणे जाऊ दे, मंग जा."

पाव्हणे गेले, दुसरे आले. त्यानं मुलगी पाहिली ती अकराव्या दिवशी.

"सारखं शेडात असता, मंग गाडी तुमची हाय का तुमी गाडीचे?" बेबीनंदानं विचारलं. ती चिडली नव्हती, म्हणून त्याला जास्त लागलं.

औरंगाबादला एस.टी.च्या वर्कशॉपात मिस्त्र्यांच्या जागा निघाल्या. तिकडं जायचंय, असं त्यानं सांगून पाहिलं. अण्णासाहेब कधी नको म्हणाले नाहीत. "पुढच्या म्हैन्यात बघू," म्हणायचे, आणि धर्मराजच्या मुलीसाठी गावरान तूप पाठवायचे. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. तुपाशी भांडायचं कसं? असं दीड वर्ष गेलं.

एका दुपारी अण्णासाहेब गाडी ठेवून गावाला गेलेले असताना धर्मराजनं गिअरबॉक्स खोलला. तिन्ही वायसर काढले. मूळची वजनं त्यानं फडक्यात गुंडाळून ठेवली होती, ती बसवली. जुनं जेट लावलं. हात बराबर चालत होते, पण मध्येच त्यानं पाना खाली ठेवला. आयुष्यात त्यानं केलेलं सगळ्यात चांगलं काम तो आपल्याच हातानं उसवत होता.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी गाडी काढली आणि फाट्यावरूनच परत आणली.

"हिचा दम कुठं गेला?"

खोटं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. पण तोंडातून खरंच निघालं. "मी काढला. आता कुणाला बी सांभाळता येईल."

"परत बसव."

"न्हाई, अण्णासाहेब."

अण्णासाहेबांना तोंडावर कुणी 'न्हाई' म्हटलेलं धर्मराजनं कधी ऐकलं नव्हतं. "तुला काय कमी केलं मी?" एवढंच अण्णासाहेब म्हणाले आणि वाड्याकडं चालू लागले. खरोखर त्यांनी काहीच कमी केलेलं नव्हतं. संध्याकाळच्या आत नवरा-बायको ट्रंक आणि पोर घेऊन बसस्टँडवर होती.

औरंगाबादच्या जागा तोवर भरल्या होत्या. आठ महिने त्यानं जालन्यात मिळेल ते काम केलं, मंग एस.टी.च्या डेपोत लागला. तिथं साध्या गिअरच्या बसा, सगळ्या एकसारख्या. त्याच्याशिवाय अडावं असं त्यात काहीच नव्हतं. साडेपाचला भोंगा व्हायचा आणि हात धुऊन घरी जाता यायचं. पहिले काही महिने सगळे गेले तरी तो फाटकाजवळ उगाच थांबायचा, कुणी हाक मारतंय का ऐकत.