असीरगडची राईड आणि मागून येणारी पिकअप

मंडळी, रविवारच्या सायकल राईडचा खर्च असा ठरला होता: भाड्याच्या गिअरवाल्या सायकली, सगळ्यांचे पोहे-जलेबी, दमलेल्यांसाठी मागून एक पिकअप. आणि लेक शनिवारी सकाळपासून माझ्याशी बोलत नव्हती, तो खर्च वेगळाच.

ती पुण्यात नोकरी करते, सोमवारी परत जाणार. "पप्पा, एकदा असीरगडच्या घाटात सायकलनं जाऊ," एवढंच म्हणाली होती. मी केळीचा व्यापारी, शून्यातून उभा राहिलेला. मला कुठलंही प्लॅनिंग म्हणजे गाडी भरणंच वाटतं. ग्रुपवर टाकून दिलं, "या सगळे, घाट आपल्याला तोंडपाठ आहे!" आमच्या शनवारा मोहल्ल्यातली अख्खी मित्रमंडळी तयार झाली.

दुपारी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. माझे कान तिखट. आईला सांगत होती, "मला पप्पांसोबत जायचं होतं गं. ही तर पूरी बारात निघाली. तिथेही ते फोनवरच असणार."

जेवण तसंच ठेवून मी एकेकाला फोन लावून राईडला येऊ नका म्हणून सांगितलं. पिकअपही रद्द केली.

एक दोस्त म्हणाला, "काय सेठ, घाबरले का?"

म्हटलं, "हो भाऊ, पोरीला."

आपल्या माणसानं नुसती सोबत मागितली, की आपण एवढा पसारा का मांडतो? तुमच्याकडेही असंच होतं का?

संध्याकाळी दोघांचाच बेत सांगितला, तेव्हा ती हसली. मग म्हणाली, "पप्पा, तोंडपाठ घाट सायकलनं किती वेळा चढलात?"

एकदाही नाही. दर वेळी केळीच्या ट्रकमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसून.