बहारीन, एक गोरा कोच आणि मी फोडलेला नारळ

आयटीआय अर्धवट सोडल्यावर मी घरी सांगितलं की थोडं जग बघून येतो. वडील म्हणाले, "आधी कणकवली नीट बघ." पण मावसभाऊ दत्तादादा बहारीनला होता. तिथल्या एका फुटबॉल क्लबची बस चालवायचा आणि मैदानाची निगा राखायचा. त्याने क्लबच्या सेक्रेटरीची मनधरणी करून मला व्हिजिट व्हिसा मिळवून दिला. व्हिसावर क्लबचं नाव होतं, म्हणजे मी काही उपद्व्याप केला तर तो दादाच्या डोक्यावर येणार होता. हे त्याने मला विमानतळावरच सांगितलं. मी मान हलवली. मान हलवणं मला फार चांगलं जमायचं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. सौदीला जाणारा समुद्रावरचा पूल तेव्हा झाला नव्हता, नुसतं काम चालू होतं. आज तिथे जाणाऱ्यांना माझी माहिती कितपत उपयोगी पडेल कोण जाणे, पण काही गोष्टी सांगून ठेवतो. राजधानी मनामातल्या गुदैबिया वस्तीत राहा. सगळं पायी हिंडता येतं, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर आपल्या लोकांच्या खानावळी आहेत. तिथली सुरमई आपल्यासारखीच, फक्त तिला ते कनद म्हणतात. भट्टीतून निघालेला गरम खबूस, म्हणजे तिथली रोटी, आणि मसुराची आमटी, एवढ्यावर माझं दुपारचं जेवण व्हायचं. मनामाच्या जुन्या बाजारात टॅक्सीने जाऊ नका. बाजाराच्या तोंडाशी उतरा आणि हरवा. मी रोज हरवायचो. दादा मला मैदानावर मदतीला बोलवायचा आणि मी मसाल्याच्या गल्लीतून मोत्यांच्या दुकानात, तिथून मासळी बाजारात असा भरकटून चार तासांनी पोचायचो.

"खंय होतंस रे?" दादा विचारायचा.

"इथेच होतो."

"इथेच म्हणजे अर्ध्या देशात."

देश लहान आहे, त्यामुळे ते खरंच होतं.

क्लबचं मैदान सित्रा बेटाच्या वाटेवर होतं. गवत नावालाही नाही, घट्ट दाबलेली वाळू. वारा तिकडून आला की रिफायनरीचा वास यायचा आणि सकाळी कंपनीच्या बसेस माणसं भरभरून जायच्या. तिथे पहिल्याच दिवशी मी जे बघितलं त्याने मी गारच झालो. अकरा माणसं मैदानात फुटबॉल खेळत होती आणि समोर कोणीच नव्हतं. एकही प्रतिस्पर्धी नाही. पळत होते, पास देत होते, रिकाम्या जागेला चुकवून वळत होते. थोड्या वेळाने कोचने शिट्टी वाजवली, बॉल काढून काखेत घेतला आणि पुन्हा खेळायला लावलं. आता बॉलसुद्धा नाही.

"दादा, हे वेडे आहेत काय?"

"कोच इंग्लंडचो असा," दादा म्हणाला, जणू एवढ्यात उत्तर आलं.

तो कोच म्हणजे केन. पन्नाशीच्या आतबाहेरचा, लालभडक मानेचा, डावा गुडघा किंचित वाकलेला. माझ्या डोक्यात गोरा साहेब म्हणजे छत्री, टोपी आणि हुकूम. हा माणूस खेळाडूंचे टी-शर्ट स्वतः नळाखाली धूत होता. आणि एक दिवस मैदानाची पडलेली भिंत त्याने एकट्याने बांधली. विटा अशा सफाईने लावत होता की आमच्या गावचा गवंडी लाजला असता.

हे कोडं विल्सनने सोडवलं. विल्सन वसईचा, दादाचा खोलीतला सोबती, हॉस्पिटलच्या ऑफिसात कामाला. फुटबॉलचं वेड इतकं की शिफ्ट संपली की थेट मैदानावर. केनचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात असायचं, माझ्या पल्ल्याबाहेरचं. विल्सन दुभाष्याचं काम करायचा.

"अरे बाबा, तो काय मोठा स्टार नव्हता," विल्सन म्हणाला. "इंग्लंडात क्लबांच्या वरून खाली चार पायऱ्या असतात. हा शेवटच्या पायरीवर खेळला. पाच क्लब बदलले. उन्हाळ्यात खेळ बंद, पगार बंद, की हा विटा लावायला जायचा."

"गोरा विटा लावायचा?"

"मग इंग्लंडातली घरं काय तुझ्या आजोबांनी बांधली?"

मला खरंच तोवर तसं काही सुचलं नव्हतं. मी त्या दिवशी नीट जेवलो नाही.

गुडघा गेल्यावर केन कोच झाला. ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग, झांबिया, आणि मग इथे. खेळायचा मधल्या फळीत. मी विचारलं, म्हणजे गोल किती केले? विल्सनने त्याला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, मधल्याचं काम गोल करायचं नसतं. एकाकडून बॉल घ्यायचा आणि मोकळा असेल त्याला द्यायचा. बाकी धावणं.

सेक्रेटरी यूसुफ हा भला माणूस. आपल्या लोकांशी हिंदी बोलायचा. एकदा मला गाडीतून अधारीचा झरा दाखवायला घेऊन गेला. (हे वळण माझ्यामुळे. मी झऱ्याचं नाव ऐकलं आणि हट्ट धरला.) गोड्या पाण्याचा मोठा तलाव, पोरं उड्या मारत होती. यूसुफ म्हणाला, "हमारे यहाँ बोलते हैं, अधारी दूर वाले को पानी देती है, पास वाला प्यासा." मग म्हणाला, "अपना कोच भी ऐसा है. सारी दुनिया को सिखाया, घर में कोई नहीं." तेव्हाच त्याने हेही सांगितलं की क्लब सारखा हरतोय आणि कमिटी वैतागली आहे. शुक्रवारची मॅच गेली तर केनचं काही खरं नाही.

मला केन आवडायला लागला होता. आपण काहीतरी केलं पाहिजे असं मला वाटलं. आणि मी ते केलं.

आमच्याकडे कबड्डीचे सामने सुरू होताना मैदानात मधल्या रेषेवर नारळ फोडतात. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं, बूट घालण्याआधी मोजा घालावा तसं. गुरुवारी मी मनामाच्या बाजारातल्या आपल्या दुकानातून नारळ, हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ आणले. शुक्रवारी सकाळी दादाने आणि मी दोरी धरून चुन्याच्या रेषा मारल्या. दादा बस आणायला गेला. मधल्या रेषेवरचा चुना ओला होता, तिथे पाय ठेवला असता तर दादाने मला सोलून काढलं असतं. मग मी विचार केला, आपल्या टीमचं दुखणं काय? गोल खातात. म्हणून आपल्या बाजूच्या गोलपोस्टच्या बुंध्यावर नारळ फोडला, हळदकुंकू लावलं, तांदूळ टाकले आणि एक वाटी वाळूत अर्धी पुरली.

मागे कोणीतरी उभं होतं. केन. मैदान चालून बघायला लवकर आला होता.

"गुड लक," मी म्हणालो. "माय व्हिलेज."

त्याने खोबऱ्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला, चघळला, मान डोलावली. मग पलीकडच्या गोलकडे बोट दाखवलं. तिकडे का नाही?

"नो नो, दॅट अदर टीम."

तो माझ्याकडे बघत राहिला. भुवया वर करून एकच शब्द म्हणाला, "हाफटाइम?" आणि हसत निघून गेला.

मला वाटलं, हाफटाइमला भेटू म्हणतोय.

दुपारी मॅच सुरू झाली. पहिल्या अर्ध्यात आमच्या गोलमध्ये बॉल शिरेना. एक फटका पोस्टला लागून बाहेर गेला तेव्हा मी विल्सनच्या पाठीत गुद्दा मारला. मग शिट्टी झाली, सरबत झालं, आणि दोन्ही टीमा उठून एकमेकांच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

कबड्डीतही बाजू बदलतात. मला काय माहीत नव्हतं? पण कबड्डीत नारळ मध्ये असतो, त्याला दोन्ही बाजू सारख्या. माझा नारळ आता त्यांचा गोल राखत होता.

पुढचा पाऊण तास मला आजही मिनिटामिनिटाने आठवतो. आमच्या फॉरवर्डने तीन वेळा त्याच पोस्टवर बॉल मारला. तिन्ही वेळा बॉल परत. नारळाने इतकं प्रामाणिकपणे काम करावं याचा मला धक्काच बसला. पलीकडे, जिथे काही केलं नव्हतं तिथे, शेवटी शेवटी त्यांनी एक गोल मारला. आम्ही हरलो.

आमचा फॉरवर्ड रागाने त्या पोस्टला लाथ मारायला गेला आणि तिथेच थांबला. खाली वाकला. हातात लाल झालेली करवंटी घेऊन वर आला.

पाच मिनिटांत तिथे पन्नास माणसं. एकच शब्द ऐकू येत होता, सिहर, सिहर. विल्सनचा चेहरा पडला. "जादूटोणा म्हणताहेत," तो माझ्या कानात बोलला. "म्हणतात, समोरच्या क्लबने मैदानवाल्याला फोडला. गेटची चावी फक्त त्याच्याकडे असते."

मैदानवाला म्हणजे दादा.

यूसुफ पुढे आला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "दत्ता. चावी तेरे पास. यह किसने किया?"

दादाने करवंटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. घरी त्याची बायको, दोन मुली आणि जोत्यापर्यंत आलेलं घर होतं. कमिटीतला एक म्हातारा हात झटकून म्हणाला, "खलास. तिकीट." हे समजायला दुभाषी लागला नाही.

मी तोंड उघडलं. दादाने माझं मनगट पकडलं, हाडाला लागेल इतकं. "गप रव," तो ओठ न हलवता म्हणाला. मी बोललो असतो तर काय, व्हिसा त्याच क्लबचा, भाऊ त्याचाच. तो असाही गेला असता आणि तसाही.

तेवढ्यात केन लंगडत आला. यूसुफच्या हातातून करवंटी घेतली आणि इतक्या साध्या आवाजात बोलला की मलाही प्रत्येक शब्द कळला. हे माझं आहे. मी ठेवायला सांगितलं.

"यू? कोकोनट?" यूसुफने विचारलं.

झांबियात शिकलो, केन म्हणाला.

"खोटं बोलतोय मॅन," विल्सन पुटपुटला.

गर्दीत कोणीतरी हसलं, कोणीतरी थुंकलं. यूसुफ केनकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं होतं असं मला आजही वाटतं. पण कमिटीला कारण हवं होतं आणि ते मिळालं. हरणारा कोच, वर जादूटोणा करणारा. दादाला कोणी पुन्हा काही विचारलं नाही.

परतताना बसमध्ये शेवटी आम्ही तिघं उरलो. दादा एकदाच बोलला, "तूच केलंस मां?" मी हो म्हणालो. "बरा," तो म्हणाला. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी केनला विमानतळावर सोडायचं काम दादाकडेच आलं. विल्सन आणि मी सामान उचलायला गेलो. मला वाटत होतं, असल्या माणसाला काय, एक क्लब गेला, दुसरा आला. त्याच्या खोलीत गेलो आणि मी दारातच थांबलो. एका भिंतीला त्याची खाट. दुसऱ्या भिंतीला नवी कोरी छोटी खाट, गादीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, उशीवर फुलाफुलांचा अभ्रा.

विल्सनने विचारलं. केन बूट पिशवीत भरता भरता म्हणाला की त्याची आठ वर्षांची मुलगी पुढच्या महिन्यात सुट्टीत येणार होती. आई पाठवायला पहिल्यांदाच तयार झाली होती. आता कुठे पाठवणार, बापाचा पत्ताच नाही.

मी विल्सनला म्हणालो, त्याला सांग, मी आत्ता जाऊन यूसुफला खरं सांगतो. विल्सनने सांगितलं. केनने माझ्याकडे पाहिलं. तो जे बोलला ते विल्सनने दोनदा विचारून मला सांगितलं. "म्हणतो, मग एकाऐवजी दोघं जातील. वाईट पास."

"पण मुलगी?"

हे विल्सनने विचारलं नाही. म्हणाला, "तू विचार." मला इंग्रजीत जमलं नाही. मराठीतही जमलं नसतं.

ती खाट कोणालातरी द्या, असं केनने दादाला सांगितलं. आमच्या खोलीत मी सतरंजीवर झोपत होतो. उरलेले आठ दिवस मी त्या खाटेवर झोपलो. पाय बाहेर यायचे. त्या आठ दिवसांत मी बाजारात गेलो नाही, झऱ्यावर गेलो नाही, कुठेच हरवलो नाही.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय काय बघितलं? मी मोती सांगितले, रिफायनरीच्या ज्वाळा सांगितल्या, कनद मासा सांगितला. आईला दादाचा निरोप दिला की त्याचं चांगलं चाललंय. आणि चाललंच. दादाने त्याच क्लबमध्ये आणखी बरीच वर्षं काढली. घर पुरं झालं, दोन्ही मुली शिकल्या, मोठी आता नर्स आहे. तिच्या लग्नात पंगतीत वाढताना दादा माझ्याजवळ आला, पानात जिलेबी ठेवली आणि हळूच म्हणाला, "त्या गोऱ्याची मुलगी आता केवढी झाली असात रे?"

आम्ही दोघांनी हिशेब केला. नवरीएवढीच.

विल्सनच्या शेवटच्या पत्रात होतं की केन कुठल्याशा थंड देशात कोच म्हणून गेला. देशाचं नाव विल्सनलाही नक्की माहीत नव्हतं. परवा नातवाने मला कॉम्प्युटर उघडून दिला आणि म्हणाला, आजोबा, नाव सांगा, कोणीही सापडतं. मी सांगितलं, इंग्लंडात पाच क्लब, मग ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग, झांबिया, बहारीन. मधल्या फळीत खेळायचा, डावा गुडघा वाकडा, विटा छान लावायचा.

"आजोबा, आडनाव?"

आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं.