चिचोच्या खोलीतली काच

गेर्गिना केस विंचरायची ती किटलीत बघून. आमच्या इमारतीचा कोपरा असा वळलाय की तिचं स्वयंपाकघर माझ्या खिडकीतून थेट दिसतं, आणि देवाने डोळे दिलेत ते मिटून बसायला नव्हे. किटलीच्या फुगीर पोटात तिचं नाक भोपळ्याएवढं दिसत असणार. पण बाहेरच्या खोलीतल्या आरशासमोर ती दोन वर्षांत उभी राहिली नव्हती. त्या आरशात तिचा नवरा होता.

नायदेन गेला तेव्हा ती नर्सिंग कॉलेजात होती. मरणाऱ्या माणसाजवळ कसं बसावं, हे पोरींना शिकवत होती. घरी हा एकटा. ती पोचली तोवर सगळं संपलेलं. माझी आई चादर घेऊन आरसा झाकायला गेली. घरात मढं असताना काच उघडी राहिली तर जीव तिच्यात अडकतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तर ही म्हणाली, "आजी, काच आणि पारा आहे तो. राहू दे." शिकलेली बाई!

महिन्याभराने तिनेच मला जिन्यात गाठलं. "लाचो, तो तिथे उभा असतो रे. कोट घालून. माझ्याकडे नाही बघत. दाराकडे बघतो. मी अजून यायचीच आहे, असा."

"मग आता झाक."

"आता काय उपयोग? आत तर तो आहेच."



पूर्वी नर्सिंगच्या पोरी संत्र्याला सुई टोचून शिकायच्या. आता रबराचा माणूस आलाय. छाती वरखाली होते, पापण्या मिटतात, नाडी लागते. संगणकाचं बटण दाबलं की मरतो, पुन्हा दाबलं की उठतो. पोरी त्याला चिचो म्हणतात, म्हणजे काका. चिचोला स्वतःचा आवाज तेवढा नाही. ते काम माझ्याकडे. गेर्गिनानेच मला लावून घेतलं. "इतकं छान कण्हणारा दुसरा कोण मिळणार? बायको तुझी रोज ऐकते, आता पोरी ऐकतील."

चिचोच्या खोलीत भिंतभर काच आहे. पोरींच्या बाजूने आरसा, आमच्या बाजूने खिडकी. मागे अंधारात मी मायक्रोफोनपाशी, आणि गुण द्यायला परीक्षक. मी एकदा विचारलं, "इथे नाही भीती वाटत तुला?"

"इथे कशाला? इथून मी आरशाच्या आत, त्याच्या बाजूला असते."



परीक्षेच्या दिवशी तिच्याबरोबर परीक्षक म्हणून दिमोव होता, राजधानीतून, सोफियाहून नवीन शिकून आलेला, मांडीवर संगणक. या वेळी चिचोला वाचवायचं नव्हतं. त्याला नीट मरू द्यायचं होतं. नवी पद्धत. बाकीच्या पोरींनी पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. मग आली इग्लिका, वर डोंगरातल्या गावची, थोराड हातांची. तिने खुर्ची ओढली आणि चिचोचा हात दोन्ही हातांत घेतला.

"माझी बायको आली का?" मी कण्हलो. हे वाक्य गेर्गिनाने लिहून दिलेलं.

"नाही अजून, चिचो. वाटेत असेल. तोवर मी आहे."

"तू काय, गुणांसाठी बसलीस!" हे माझं पदरचं.

"हो. पण बसलेय ना?"

दिमोवने बटण दाबलं. छाती थांबली. इग्लिकाने पापण्या मिटल्या, मग कपाटातून चादर काढली. आम्हाला वाटलं, चिचोवर घालणार. ती सरळ आमच्याकडे आली आणि हात उंच करून चादर काचेवर टाकली.

मिट्ट काळोख.

"अरे, हे काय?" दिमोव ओरडला. "मला काही दिसत नाही!"

माझ्या खांद्यावरून गेर्गिना मायक्रोफोनवर वाकली. तिचा श्वास माझ्या कानाला लागला. "नायदेन?"

पलीकडे, मेलेल्या चिचोच्या तोंडून बाईचा आवाज आला असणार. आता पोरगी किंचाळते, मी म्हटलं. पण इग्लिका हळूच म्हणाली, "तुम्ही त्यांच्या बायको ना? आत्ताच गेले, काकू. आत या. हात अजून गरम आहे."

गेर्गिना उठली. दार वाजलं, पलीकडे खुर्ची सरकली. दिमोवचा हात बटणाकडे जायला लागला, तसं मी त्याचं मनगट धरलं. "चिचोला जिवंत केलंस तर याद राख!"

नंतर तो म्हणाला, "जे दिसलंच नाही, त्याला गुण कसे द्यायचे?"

गेर्गिनाचे डोळे लाल होते. "तू नव्हतास तिथे. मी होते. पूर्ण गुण दे."

संध्याकाळी माझी बेल वाजली. तिच्या हातात चादर. "चल, लाचो. उंच आहेस, वरचं टोक धर." आम्ही आरसा झाकला. ती सगळा वेळ जमिनीकडे बघत होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

चादर घातल्यापासून चाळिसाव्या दिवशी, आमच्याकडे जीव वाटेला लागतो तेव्हा, मी मेलेल्याच्या नावाचा उकडलेला गहू घेऊन गेलो. तिने चादर ओढली आणि बघत राहिली.

"इतके पांढरे झाले केस? कुणी सांगायचं नाही होय रे, मेल्या?" आणि तिथेच उभी राहून विंचरायला लागली.

मी तिच्या मागून डोकावलो. आम्ही दोघंच. नायदेन नव्हता.

मी खुशीत घरी आलो. जेवताना मनात आलं, गेला खरा, पण गेला कुठे? तिचा आरसा ज्या भिंतीवर टांगलाय, तिच्याच अलीकडच्या अंगाला आमचा आहे. आणि माझ्या आलुबुखाराच्या दारूवर नायदेनचा जिवंतपणीही भारी डोळा.

तेव्हापासून मी दाढी किटलीत बघून करतो.