रिकाम्या घराचा आवाज

पुनर्विकासासाठी भाईंदरचे घर रिकामे केले. शेवटचे कपाट हलले, तेव्हा मागच्या भिंतीतून ओलसर सिमेंटचा वास आला. मी सहज खाकरले, तर खोली घुमली.

ते घुमणे ओळखीचे होते. नव्वदच्या सुमारास ही इमारत उभी राहत होती आणि हे मस्कतला नोकरीला होते. दर रविवारी मी गिरगावातून एकटी येई आणि बांधकाम कुठवर आले ते टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेट यांना पाठवी. अशाच एका रविवारी गिलावा ताजा होता.

"ही आपली खिडकी. लांब मिठागरं दिसतायत, पांढरीशुभ्र," मी सांगत होते.

भिंतीवर पाणी मारणारी बाई हसली. "ताई, भिंतीशी बोलताय व्हय?"

"नाही गं, नवऱ्याशी."

"मग, देतो का उत्तर?"

"देतो की. महिन्याने."

महिन्याने खरेच उलट कॅसेटमधून यांचा आवाज आला : "घर फार घुमतंय गं. सामान आण, म्हणजे थांबेल."

सामान आले, हेही परतले, आणि काही वर्षांपूर्वी कायमचे गेले.

आज मी खिडकीशी उभी राहून म्हटले, "अहो, मिठागरं दिसत नाहीत आता."

उत्तराची वाट पाहायची जुनी सवय. हमालाने खालून हाक मारली, तरी मी तिथेच उभी होते.