पिंजऱ्यातली माया

एम.एस्सी.ला असताना आमच्या मॅडमचा पांढऱ्या उंदरांवर एक प्रयोग चालू होता. एकाच पिंजऱ्यात उंदीर वाढत गेले की त्यांचं वागणं कसं बदलतं, हे आम्ही बघत होतो. खायला-प्यायला भरपूर होतं, जागा मात्र तेवढीच. आधी गुण्यागोविंदानं राहणारे उंदीर हळूहळू एकमेकांना चावायला लागले. आया पिल्लांकडे बघेनाशा झाल्या.

एका दुपारी एक गुलाबी पिल्लू भुशात एकटं पडलेलं दिसलं. बाकीचे त्याला तुडवत जात होते. तेवढ्यात कान फाटलेली एक म्हातारी मादी आली. तिनं त्याला अलगद तोंडात धरून कोपऱ्यात नेलं आणि त्याच्यावर अंग पसरून बसली. तिच्याकडे दूध नव्हतं, नुसती ऊब होती.

"मॅडम, काढू का त्याला बाहेर?" मी विचारलं.

"आपण मध्ये पडायचं नसतं," त्या म्हणाल्या. पण पिंजऱ्यासमोरून हलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनीच झाकण उघडलं आणि दोघांना उचलून शेजारच्या ऐसपैस पिंजऱ्यातल्या लेकुरवाळीजवळ ठेवलं.

दाटीत माया आटते, हे आम्ही रोज बघत होतो. ती कुणा एखाद्यात तरीही उरते, हे मी तेव्हा पाहिलं. दोन खोल्यांच्या भरल्या घरांत वाढलेल्या आपल्यालाही कुणीतरी असंच कोपऱ्यात पोटाशी धरलेलं असतं.

लेकुरवाळीनं पिल्लाला हुंगलं आणि आपल्या पिल्लांत ओढून घेतलं. म्हातारी तिच्या पाठीला टेकून झोपली. आजूबाजूला कितीतरी जागा मोकळी होती, तरीसुद्धा.