कुंपणापलीकडचा तलाव

आज बालाघाटच्या घरी बसले होते, तर शेजारीण तांदळाचा कोंडा भाजत होती. त्या वासासरशी मी लामत्याजवळच्या आमच्या गावात जाऊन पोचले. गळाला लावायला आई असाच कोंडा भाजून मळायची.

एकदा आम्ही दोघी निघालो, तर तलावाच्या वाटेवर नवंकोरं तारेचं कुंपण. आत खाटेवर चौकीदार बसलेला.

"तलाव सरकारी आहे बाई, पन रस्ता मालकाच्या वावरातून जाते," तो म्हणाला.

"मंग आमी काय उडून जाव?" आईनं विचारलं.

ती कुंपणाच्या कडेनं इकडून तिकडे फिरत राहिली, मी तिच्या मागे. पलीकडे पाणी चमकत होतं. मासा उसळला की आवाज ऐकू यायचा. शेवटी तिनं गळाची काठी आणि कोंड्याचा गोळा तारेवरून त्याच्यापुढे धरला.

"तुमीच पकडा भाऊ. तुमाले तं जाऊ देतेत ना?"

"मले बी नाही जाऊ देत," तो खाली बघत म्हणाला.

त्या संध्याकाळी आई एका जागी बसली नाही. मला वाटलं, मासे मिळाले नाहीत म्हणून चिडली असेल. आता वाटतं, भांडायला तिच्यासमोर कोणी उरलंच नव्हतं.